लाल शर्टवाले किती आहेत ते मोजा

राष्ट्रीय पोशाख म्हटला की तो जुनाच असणार, आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेला असणार, असं आपण धरूनच चालतो. फॉरवर्ड पण तसेच येतात, "हजारो वर्षांची परंपरा" वगैरे. स्लोव्हेनियाची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे आणि मला ती भयंकर आवडते, कारण तिथे एका व्यायाम मंडळाचा गणवेश बघता बघता "आम्ही स्लोव्हेन आहोत" याचं चिन्ह झाला. तो गणवेश कुणा शेतकऱ्याच्या ट्रंकेतून निघालेला नव्हता, सरळ डिझाइन करून शिवून घेतलेला होता. आणि डिझाइनही परगावचं.

थोडा इतिहास. प्रागमध्ये १८६२ साली मिरोस्लाव तिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर या दोघांनी सोकोल नावाची व्यायाम संघटना काढली. सोकोल म्हणजे ससाणा. हे नाव दक्षिणेकडच्या स्लाव्ह लोकांच्या वीरगीतांवरून सुचलं असं सांगतात, तिथे शूर माणसाला ससाणा म्हणायची पद्धत. गणवेश आखायला योसेफ मानेससारखा नावाजलेला चित्रकार. त्यातला लाल शर्ट आला थेट इटलीतून, तिथल्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या सैनिकांचा, त्यावर स्लाव्ह धाटणीचा कोट आणि टोपीत पक्ष्याचं पीस. म्हणजे आयडिया बर्लिनच्या जर्मन व्यायाम मंडळांची (ती फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये सुरू केलेली), शर्ट इटालियन, नाव दक्षिणेच्या गाण्यांतलं, शिलाई प्रागची. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, आजच्या स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात युझ्नी सोकोल म्हणजे दक्षिणेचा ससाणा सुरू झाला, चेक प्रदेशाबाहेरचं पहिलं सोकोल. त्याचे पहिले प्रमुख एत्बिन हेन्रिक कोस्ता, जे पुढे शहराचे महापौरही झाले.

आता प्रश्न असा की उड्या मारणाऱ्या, बारवर लटकणाऱ्या लोकांचा ड्रेस राष्ट्राचं चिन्ह होतोच कसा? नेहमीचं उत्तर म्हणजे "लोकांच्या भावना जागृत झाल्या". हे काही उत्तर नाही. भावना तर आधीपासून होत्या, १८४८ मध्ये ल्युब्लियानात स्लोव्हेनांचा पांढरा-निळा-लाल झेंडा फडकवून झाला होता, वाचनालयं निघाली होती, मग घोडं अडलं कुठे?

घोडं अडलं मोजण्यात. ल्युब्लियाना तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात, क्रान्स्का प्रांताची राजधानी. ऑफिसात, वरच्या शाळांत, चांगल्या घरांत जर्मन चालायची, खेड्यापाड्यांत आणि स्वयंपाकघरात स्लोव्हेन. एकच माणूस सकाळी साहेबाशी जर्मन बोलणार, संध्याकाळी आईशी स्लोव्हेन, त्याला रस्त्यात बघून तुम्ही काय ओळखणार? रंग तोच, धर्म तोच, कोट तोच, आडनावावरूनसुद्धा अंदाज चुकायचा. भाषा ही डोळ्यांना दिसत नाही, आणि तोंड मिटलं तर कानालाही कळत नाही. कागदावर मोजायला गेलं तरी गंमतच. ट्रिएस्ते शहरात (आज ते इटलीत आहे) १९१० च्या जनगणनेत रोजच्या वापराची भाषा विचारली, पहिल्या मोजणीत स्लोव्हेन बोलणारे साधारण ३६ हजार निघाले, मोजणारे पालिकेचे आणि पालिका इटालियनांच्या हातात, म्हणून बोंबाबोंब झाली आणि फेरमोजणी करावी लागली, तर आकडा गेला जवळजवळ ५७ हजारांवर. वीस हजार माणसं कागदावरून गायब होती!

आणि इथेच माझा लाडका मुद्दा येतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये एक साधं मॉडेल मांडलं, त्याला उंबरठ्याचं मॉडेल म्हणू. प्रत्येक माणसाच्या मनात एक आकडा असतो, "एवढे लोक आधी उतरले तर मी पण उतरेन". समजा दहा माणसं आहेत आणि त्यांचे उंबरठे ०, १, २ असे ९ पर्यंत. शून्यवाला कुणाचीच वाट बघत नाही, तो उतरतो. एकवाल्याला एक जण दिसला, तो उतरतो. दोनवाल्याला दोघं दिसले. असं करत दहाच्या दहा रस्त्यावर. आता फक्त एक बदल करा, एकवाल्याच्या जागी दोनवाला आणा. शून्यवाला उतरला, पुढचे सगळे निदान दोघांची वाट बघतायत, खेळ खल्लास, रस्त्यावर एकटा एक माणूस. बाहेरून बघणारा म्हणेल पहिली दहा माणसं जहाल आणि दुसरी दहा थंड, पण मनं जवळजवळ सारखीच आहेत, फरक एका माणसाच्या एका आकड्याचा.

मला यात आणखी एक गोष्ट घालावीशी वाटते. या मॉडेलमध्ये धरून चालतात की उतरलेला माणूस दिसतो. दिसलाच नाही तर? पहिल्या दहा जणांनाच घ्या, तेच उंबरठे, पण शून्यवाला साध्या काळ्या कोटात कॅफेत बसून हळू आवाजात स्लोव्हेन बोलतोय. तो उतरलाय, पण एकवाल्याच्या हिशोबात अजून शून्यच. तो घरी बसतो, मग दोनवाला, मग सगळे. हिंमत पुरेशी होती, मोजता आलं नाही. त्याच शून्यवाल्याला लाल शर्ट घालून बाहेर पाठवा, साखळी लगेच सुरू. गणवेशाने कुणाच्या मनात काही नवीन घातलं असं मला वाटत नाही, त्याने मोजणी शक्य केली, आणि कुणा सरकारी कारकुनाला न विचारता.

गणवेश जवळून बघितला की हे पटतं. सोकोलचा कोट बरेचदा अंगात न घालता एका खांद्यावर टाकायचा असे. थंडीचा विचार केला तर हा शुद्ध मूर्खपणा, पण त्यामुळे लाल शर्टाची छाती आणि एक अख्खा हात उघडा राहतो, रस्त्याच्या त्या टोकावरून दिसतो. डोक्यावर टोपी, टोपीत उभं पीस, म्हणजे गर्दीत माणूस झाकला गेला तरी पीस वर. मागे उभा असलेला पोरगासुद्धा पिसं मोजू शकतो. हा ड्रेस व्यायामाचा नव्हताच मुळी, अशा कोटात कोण बारवर गिरक्या घेणार? व्यायामाला साधे कपडे, आणि हा थाट मिरवणुकीला, सहलीला, अंत्ययात्रेला, पुतळ्याच्या अनावरणाला. १९०५ मध्ये ल्युब्लियानात कवी प्रेशेरेन यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं त्या मिरवणुकीतही सोकोलवाले होतेच (त्या पुतळ्यावरच्या अर्ध्या उघड्या काव्यदेवतेवरून केवढा गहजब झाला तो वेगळाच विषय आहे).

आता थोडं अवघड. मोजणं ही पहिली पायरी झाली. मी लाल शर्टवाले मोजले, तूही मोजलेस, पण तू मोजलेस हे मला माहिती आहे का? आणि मला माहिती आहे हे तुला? सोसायटीत सेक्रेटरीबद्दल सगळेच खाजगीत कुरकुरत असतात, प्रत्येक जण दुसऱ्याला वेगळा मेसेज करतो आणि काहीच होत नाही, पण एकाने तेच ग्रुपवर टाकलं की वातावरण बदलतं, कारण आता सगळ्यांनी वाचलंय हे सगळ्यांनाच माहिती. याला सामायिक ज्ञान म्हणतात आणि रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये ते गणितात बसवलं (२००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच). गणित असं, की जगाच्या सगळ्या शक्य स्थितींचा एक संच घ्यायचा, प्रत्येक माणूस त्याचे स्वतःला कळतील तसे तुकडे पाडतो, एका तुकड्यातल्या स्थिती त्याला वेगवेगळ्या ओळखता येत नाहीत. मग कुणाचाच तुकडा मधून तुटणार नाही इतपत जाड, पण त्या अटीत शक्य तेवढी बारीक अशी सगळ्यांची मिळून एक विभागणी काढायची, आणि आत्ताची खरी स्थिती त्या विभागणीच्या ज्या तुकड्यात पडते तो अख्खा तुकडा जर घटनेच्या आत बसत असेल तर ती घटना सामायिक ज्ञान. डोक्यावरून गेलं तरी चालेल, सार एवढंच की "मला माहितीय की तुला माहितीय की मला माहितीय" ही साखळी कधीच संपत नाही आणि ती कानाकानातून बांधता येत नाही, कुठेतरी एक कडी राहतेच. भर चौकातली मिरवणूक ती एका फटक्यात बांधते. मी पिसं बघतोय, समोरच्या फुटपाथवर तू पिसं बघतोयस, आणि मला तूही दिसतोयस.

लाल रंगाबद्दल मात्र एक बोलून घेतो, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये "लाल रंगात ऊर्जा असते" म्हणणार. २००५ मध्ये हिल आणि बार्टन यांचा पेपर आला होता, अथेन्स ऑलिम्पिकच्या कुस्ती-बॉक्सिंगसारख्या लढतींत लाल ड्रेसवाले साधारण ५५ टक्के वेळा जिंकले असा, आणि त्यावर जगभर बातम्या, रंगतज्ज्ञ, वास्तुवाले सगळे खूश. नंतर जास्त वर्षांचे जास्त सामने घेऊन बघितलं तर तो फरक जवळजवळ विरघळून गेला. शर्ट लाल होता म्हणून कुणाच्या अंगात वीरश्री संचारली नाही. लांबून दिसतो आणि गॅरिबाल्डीची आठवण करून देतो, एवढंच त्याचं काम. हिरवा भडक असता तरी मोजणी झाली असती.

दिसण्याची किंमतही होती. गणवेश शिवायला पैसे लागायचे, सरकारी नोकरीतला माणूस तो घालून फिरला की साहेबालाही दिसणारच. जीवशास्त्रात अमोट्झ झहावी यांनी १९७५ मध्ये मांडलेली कल्पना आहे की महाग इशारा खोटा देणं अवघड असतं म्हणून त्यावर विश्वास बसतो, मोराच्या पिसाऱ्याचं उदाहरण सगळ्यांना माहिती असतं. इथे किंमत वाढवायचं काम सरकारनेच केलं. शहरातल्या जर्मन व्यायाम मंडळाच्या लोकांशी खटके उडाल्यावर १८६७ मध्ये युझ्नी सोकोल बरखास्त केलं, तर १८६८ मध्ये ल्युब्लियान्स्की सोकोल नावाने तेच लोक परत. १८६९ मध्ये उलटा प्रकार, जर्मन मंडळवाले यान्चे नावाच्या टेकडीवर सहलीला गेले तर आजूबाजूच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. म्हणजे सहा वर्षांत व्यायाम मंडळाचा गणवेश आणि झेंडा म्हणजे कोण आपला कोण परका हे खेड्यातल्या माणसालाही कळायला लागलं होतं.

एकत्र, एका तालात हालचाल केल्याने माणसं जवळ येतात हेही खरंय. ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या पोरांवर एक प्रयोग झाला, एकट्याने केलेल्या तेवढ्याच व्यायामापेक्षा टीमसोबत केल्यावर त्यांची वेदना सहन करायची मर्यादा जास्त वाढली. पण हा परिणाम आतल्यांवर होतो, फुटपाथवरच्या बघ्यांवर नाही, आणि चिन्ह बनायला बघे लागतात.

याच मॉडेलने पुढचंही समजतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथलिक पाद्र्यांना सोकोलवाले फार उदारमतवादी वाटायला लागले, म्हणून त्यांनी आपली वेगळी व्यायाम मंडळं काढली, ओरेल, म्हणजे गरुड, वेगळ्या गणवेशासकट. आता रस्त्यावर दोन पक्षी, दोघेही स्लोव्हेन, आणि पीस बघून माणूस कुठल्या गोटातला ते कळायचं. बायका या सगळ्यात बऱ्याच उशिरा आल्या, सुरुवातीची मोजणी पुरुषांचीच होती, हे सांगायला हवं.

मधल्या काळात व्यायामही जोरात चालू होता हं. १९२२ ची जागतिक जिम्नॅस्टिक स्पर्धा ल्युब्लियानातच झाली. नोवो मेस्तोचा लिऑन श्टुकेल हा सोकोलमध्येच घडलेला, पेशाने न्यायाधीश, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं, १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला रिंग्जवर आणखी एक, आणि १९३६ मध्ये बर्लिनला सदतीस वर्षांचा असताना रिंग्जवर रौप्य. त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या टीमने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती! श्टुकेल जवळजवळ १०१ वर्षं जगला, १९९९ मध्ये गेला.

पण श्टुकेल बर्लिनला गेला तोवर गणवेशाचा अर्थ पातळ व्हायला लागला होता. पहिल्या महायुद्धानंतर बराचसा स्लोव्हेन प्रदेश युगोस्लाव्हियात आला होता, आणि १९२९ च्या डिसेंबरमध्ये तिथला राजा अलेक्झांडर याने सगळ्या जुन्या व्यायाम संघटना मोडून एकच सरकारी सोकोल केलं, गरुडही बंद. आता शिक्षकाने, सरकारी नोकराने मंडळात असणं वरच्यांना बरं दिसायचं. मॉडेलप्रमाणे काय होणार? ज्याच्या अंगावर तो ड्रेस आहे तो मनाने आलाय की बदलीच्या भीतीने, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. पिसं आधीपेक्षा जास्त आणि मोजून कळतं आधीपेक्षा कमी. उंबरठ्याचं गणित सोपं आहे, आकडा ० असलेला माणूस आणि हुकुमावरून आलेला माणूस लांबून सारखेच दिसायला लागले की पुढच्याने कुणाला मोजायचं? मग १९४१ मध्ये इटालियन आणि जर्मन फौजा आल्या, त्यांनी सोकोलवर बंदी घातली. किंमत पुन्हा वाढली, पण तेव्हा लाल शर्ट घालून चौकात उभं राहणं म्हणजे स्वतःहून पकडून द्यायला जाणं होतं, त्यामुळे दिसणं हाच ज्याचा सगळा गुण तो कपडा काही कामाचा उरला नाही. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत व्यायाम मंडळांना नवीन नाव मिळालं, पार्टिझान, आणि तीच पोरं त्याच हॉलमध्ये त्याच बारवर लटकायला लागली. ल्युब्लियानाचा ताबोर भागातला सोकोलचा हॉल, इव्हान वुर्निक या आर्किटेक्टने १९२० च्या दशकात बांधलेला, अजूनही खेळासाठीच वापरात आहे.