निराशेच्या काळात देवाशी जवळीक: ख्रिस्ती परंपरेची पार्श्वभूमी

निराशा वाटली म्हणजे विश्वास उणा पडला, असा समज अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत आढळतो. आजारी माणूस वाचला नाही, वर्षानुवर्षांच्या प्रार्थनेला उत्तर आले नाही, तरी मुखी केवळ स्तुतीच असावी अशी अपेक्षा असते, आणि ज्याला ती जमत नाही तो हळूहळू प्रार्थनाच टाळू लागतो. या श्रद्धेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. देवाला धरून राहिलेल्या माणसांनी आपली निराशा बहुधा त्याच्यापुढेच मांडली आहे.

याचा सर्वांत भरघोस पुरावा बायबलमधील स्तोत्रसंहितेत मिळतो. तिच्यातील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी भरवशाकडे वळतात; अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधारातच थांबते. तरीही ते उपासनेच्या ग्रंथात राहिले, आणि हे मला फार मोलाचे वाटते, कारण उत्तर न मिळालेल्या माणसालाही उपासनेत जागा आहे हे त्यावरून कळते.

इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. त्या दुःखातून आलेल्या विलापगीत या बायबलमधील ग्रंथात पाच काव्ये असून पहिली चार इब्री वर्णमालेच्या 22 अक्षरांवर रचलेली आहेत. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे 66 वचने येतात. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, ही सुप्रसिद्ध कबुली याच तिसऱ्या काव्यातली. ती ग्रंथाच्या शेवटी नसून मध्यावर आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. तिच्यानंतर आक्रोश पुन्हा सुरू होतो आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवर ग्रंथ संपतो.

वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचाच प्रश्न देवाला केला: माझा त्याग का केलास? लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोन शिष्यही आपण धरलेली आशा फोल ठरल्याचे उघडपणे बोलतात. पुनरुत्थित येशू त्यांच्यासोबत चालत असतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. काय घडले ते तो त्यांना विचारतो आणि त्यांची हकिकत पूर्ण होऊ देतो. बोल लावणे आणि शास्त्राचा उलगडा करणे त्यानंतर येते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी या मनःस्थितीचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांच्यापैकी एव्हाग्रियस याने दुपारी ग्रासणाऱ्या उदासीनतेचे जे वर्णन केले आहे, ते आजही ओळखीचे वाटते: सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा भासतो, बंधुजनांतील प्रेम आटले असे वाटते आणि देवाची उपासना तर कुठेही करता येईल, मग इथेच कशाला, असा विचार बळावतो. अशा वेळी खोली सोडू नये, असे तो सांगतो. त्यापुढचा त्याचा सल्ला अधिक कोमल आहे. आपल्या जिवाचे अश्रूंसह दोन भाग कल्पावेत, एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे आणि बेचाळिसाव्या स्तोत्रातल्याप्रमाणे, तू का खिन्न झालास, असे स्वतःलाच विचारावे.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये हा विचार पुढे गेला. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने घालून दिलेला नियम साधा आणि व्यवहारी आहे: मन कोरडे पडले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी. आपल्या संन्यासी संघात सुधारणा करू पाहणारा क्रूसाचा संत योहान याला त्याच्याच संघातील सुधारणाविरोधी बांधवांनी डिसेंबर 1577 मध्ये पकडून तोलेदोच्या मठात कोंडले. ऑगस्ट 1578 मध्ये निसटेपर्यंत त्याने त्या अंधाऱ्या कोठडीत कविता रचल्या. प्रार्थनेतला गोडवा नाहीसा होणे हे नेहमीच अपयशाचे लक्षण नसते, अंधाऱ्या रात्रीसारख्या त्या काळातूनही देव माणसाला स्वतःकडे नेत असतो, अशी मांडणी त्याने पुढे केली.

तरीही अनेक मंडळ्यांच्या सार्वजनिक उपासनेत विलाप मागे पडत गेला. विसाव्या शतकात जुन्या कराराच्या अभ्यासकांनी त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. त्यांच्यापैकी वॉल्टर ब्रूगेमन यांनी 1986 मध्ये मांडले की तक्रारीला जागा उरली नाही तर देवाशी असलेल्या कराराच्या नात्यात माणसाचा खरा आवाजच राहत नाही. हे म्हणणे मला पटते. ज्याच्यापुढे रडता येत नाही, त्याच्याशी जवळीक तरी कशी राहणार?

मदर तेरेसा यांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण सेवाकार्याच्या आरंभापासूनच्या दीर्घ काळात देवाचे सान्निध्य जाणवत नसल्याचे त्यांनी त्यांत लिहिले होते. 1961 च्या सुमारास जोसेफ नॉयनर या येशूसंघीय धर्मगुरूंना त्यांनी हे सांगितले. सान्निध्य जाणवणे हाच देवाच्या असण्याचा एकमेव पुरावा नाही, आणि त्याच्यासाठी लागलेली आस हीच त्याच्या गुप्त उपस्थितीची खूण आहे, असे नॉयनर यांनी त्यांना समजावले. त्यानंतर आपण या अंधारावर प्रेम करू लागल्याचे मदरनी त्यांना कळवले. अंधार मात्र सरला नाही आणि त्यांची रोजची प्रार्थनाही थांबली नाही.