रोपं व्हायरस-फ्री होती, मग केळीच्या बागेत हरण्या रोग आला कसा?

टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) ग्रँड नैन जातीच्या केळीची रोपं घेणाऱ्या शेतकरी बांधवांसाठी

मृगबागेची लागवड आटोपली, ढगाळ हवा धरली, पाऊस रिमझिम लागला की आम्हाला हाच प्रश्न फोनवर सुरू होतो. रास्त प्रश्न आहे, म्हणून सविस्तर उत्तर छापून पावतीसोबत देत आहोत. रोपं उतरवून घेण्याआधी एकदा वाचा.

आमच्या रोपांची चाचणी चार विषाणूंसाठी होते: पर्णगुच्छ (बंची टॉप), बनाना स्ट्रीक, ब्रॅक्ट मोझॅक आणि कुकुंबर मोझॅक. आपण हरण्या म्हणतो तो हा शेवटचा. आधी मातृरोप तपासतात, मग प्रयोगशाळेतून निघणारा लॉट. एलायझा किंवा पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या चाचण्यांनी. त्या दाखल्याचा अर्थ एवढाच, की तपासणीच्या वेळी त्या लॉटमध्ये विषाणू सापडला नाही. लस टोचावी तसं रोप त्यामुळे कायमचं सुरक्षित होत नाही. उलट टिश्यूकल्चरचं रोप कोवळं असतं आणि लागवडीनंतरचे पहिले तीन-चार महिने हरण्याला पटकन बळी पडतं.

हरण्या पसरतो तो मावा या किडीमुळे, आणि त्यात कपाशीवरचा नेहमीचा मावाही आला. रोगट काकडीच्या वेलावर त्याने काही सेकंद सोंड टोचली की विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो, आणि पुढच्या केळीवर तितक्याच वेळात उतरतो. फवारलेल्या पानावर बसलेला मावा मरतो खरा, पण मरायच्या आधी टोचून मोकळा झालेला असतो. ‘तीन फवारे मारले तरी आला’ ही तक्रार त्यामुळे खोटी नसते. फवारणीने मावा कमी होतो, लागण झालेलं रोप मात्र बरं होत नाही. तसं औषध कुणी देऊ केलं तर पैसे खिशातच ठेवा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. पानावर पिवळे पट्टे दिसले की बहुतेक जण झिंक किंवा फेरसची कमतरता समजतात, ड्रिपमधून सूक्ष्म अन्नद्रव्यं सोडतात आणि पंधरा-वीस दिवस ‘फरक पडतो का बघू’ म्हणून थांबतात. तेवढ्यात त्या एका रोपावरून मावा आजूबाजूला फिरून येतो. ओळखायचं असं: कमतरता असेल तर शेतातला सलग पट्टा किंवा सगळा प्लॉटच फिका पडतो, चुनखडीच्या जमिनीत तर नक्कीच, आणि पिवळेपणा पानाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. हरण्या सुटा दिसतो, इथे एक रोप, तिथे दोन. पिवळ्या रेषा तुटक, कमीजास्त, कधी पानाच्या एकाच बाजूला. पान उन्हाकडे धरून पाहा, लगेच कळतं. पुढची पानं अरुंद आणि कडा मुरडलेली येतात, वाढ खुंटते. जोर जास्त असेल तर पोंगा (मधलं न उघडलेलं पान) काळा पडून सडतो. शेजारी तणनाशक मारलं असेल आणि वारा तुमच्याकडे असेल, तरीही पानं अरुंद येतात, पण ती बांधाकडच्या ओळींत. तेवढं आधी विचारून घ्या.

रोगट रोप नक्की झालं की त्याच दिवशी कामाला लागा. आधी त्या रोपावर आणि भोवतालच्या रोपांवर मावा मारणारं औषध फवारा. लेबलवर केळीचं नाव असलेलंच घ्या. दुसऱ्या दिवशी रोप गड्ड्यासकट (जमिनीतल्या कंदासकट) उपटा. फवारणी न करता उपटलं तर हललेला मावा शेजारच्या रोपावर जाऊन बसतो. विळ्याने वरून कापू नका, गड्ड्यातून पुन्हा रोगटच फूट येते. उपटलेलं पोत्यात भरून शेताबाहेर खोल पुरा किंवा जाळा. बांधावर फेकलं तर सगळी मेहनत वाया. पहिले तीन-चार महिने आठवड्यातून दोनदा ओळीओळीने फिरा. ६ × ५ फुटांवर एकरी १४५२ रोपं बसतात. वेळेवर पंधरा उपटली तर टक्काभर नुकसान. काहींना उपटायला जीव होत नाही, कारण ऊन वाढलं की पट्टे पुसट होऊन रोप सुधारल्यासारखं दिसतं. विषाणू आतच असतो. घड हलका येतो आणि पिलबाग (बुंध्याच्या पिलांवर पुढचं पीक) धरली तर पिलांतही तोच उतरतो.

काकडी, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची, चवळी यांतलं काहीही आंतरपीक म्हणून किंवा लागून घेऊ नका. बांधावरचं केना हे तण फुलायच्या आत काढा, हरण्या त्यात वर्षभर मुक्काम करतो. आणलेली रोपं अशा पिकांजवळ किंवा तणाजवळ सावलीत आठ-आठ दिवस ठेवू नका.

‘बदलून का देत नाही?’ देतो. बुटकी, वेगळ्या पानाची, जातीत न बसणारी रोपं निघाली तर बदलून देतो, कारण तो दोष प्रयोगशाळेतला. हरण्याच्या तक्रारीत आधी लॉट नंबर बघतो. विषाणू रोपासोबत आला असेल तर तोच लॉट नेलेल्या इतर बागांतही तो दिसायला हवा, आणि तुमच्या प्लॉटभर विखुरलेला. भोपळ्याच्या बाजूने सुरुवात झाली असेल तर कारण तिथेच आहे. फोटो पाठवताना एकट्या पानाचा नको: पान, पोंगा, अख्खी ओळ आणि बांधावर काय उभं आहे तेही दिसू द्या, सोबत लॉट नंबर आणि लागवडीची तारीख. एवढं आलं की फेरी न मारता बऱ्याचदा फोनवरच निकाल लागतो.

कुठे पाच-सहा रुपये स्वस्त रोप मिळतं, हे आम्हाला माहीत आहे. तिथे तीन गोष्टी विचारा: लॉटचा चाचणी दाखला, शेडला कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार आहे का, आणि एका कंदापासून किती वेळा गुणन करतात. आमच्याकडे आठच्या पुढे जात नाही. त्यापुढे विचित्र रोपांचं प्रमाण वाढतं.

तूट भरायची (गेलेल्या रोपांच्या जागी लावायची) रोपं मूळ बुकिंगसोबतच सांगा, शेकडा दोन-तीन. ती त्याच लॉटची, पिशवीत वाढवून ठेवतो. लागवडीपासून महिन्याभरात न्या. त्यानंतर लावलेलं रोप मोठ्यांच्या सावलीत मागे पडतं आणि घड सोबत निसवत नाही.