सामूहिक वनहक्क दावा : मेळघाटातील जुन्या टोपोशीटची प्रमाणित प्रत कशी मागावी

सामूहिक वनसंसाधनाच्या, म्हणजे गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाच्या, दाव्यात गावाची पारंपरिक हद्द दाखवावी लागते. वनहक्क नियमांतील नियम १३ नुसार सरकारी नकाशा हा ग्राह्य पुरावा आहे. टोपोशीट म्हणजे सर्वे ऑफ इंडियाचे असेच नकाशा-पत्रक. नियम १२(४) त्याहून मोलाचा आहे. ग्रामसभेने किंवा तिने निवडलेल्या वनहक्क समितीने लेखी मागणी केली, की संबंधित कार्यालयाने प्रमाणित प्रत द्यायलाच हवी. म्हणून अर्ज समितीच्याच नावाने करा, एकट्या गावकऱ्याच्या नावाने नको.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय स्तरीय समितीला द्यावा. वन व महसूल नकाशे पुरवणे हे तिचेच काम आहे. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. त्या सभेला किमान निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

‘मेळघाटचा जुना नकाशा द्यावा’ एवढ्यावर अर्ज हमखास अडतो. पत्रक क्रमांक लिहा. ५५ क्रमांकाचे पत्रक ७६ ते ८० रेखांश आणि २० ते २४ अक्षांशांचे. त्याचे ए ते पी असे एकेका अंशाचे १६ भाग, आणि प्रत्येक भागाचे १५ मिनिटांचे पुन्हा १६. भागांचे क्रम वरून खाली, मग उजवीकडचा रकाना. चिखलदरा ५५ जी/७ मध्ये येते, धारणी ५५ सी/१४ मध्ये. हद्द कडेला जात असेल तर शेजारचे पत्रकही त्याच अर्जात मागा. एक इंचास एक मैल या प्रमाणाची जुनी आवृत्ती हवी, असे स्पष्ट लिहा. नाहीतर हाती नवे १:५०,००० चे पत्रक पडते.

प्रत समासासकट घ्या. सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले ते समासातच छापलेले असते. छपाईचे वर्ष वेगळे असते आणि कित्येकदा बऱ्याच नंतरचे. वस्ती किती जुनी, हे सर्वेक्षणाच्या वर्षावरून ठरते. उंची फुटांत आहे हेही ध्यानात ठेवा.

सर्वात मोठी चूक जीपीएसच्या बाबतीत होते. अक्षांश-रेखांश मोजण्याचे संदर्भ वेगवेगळे असतात : जुनी पत्रके एव्हरेस्ट या जुन्या संदर्भावर आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भावर चालतो. रूपांतर न करता बिंदू मांडले तर हद्द शंभर मीटरहून अधिक सरकू शकते, आणि नाल्याकाठचे देवस्थान पलीकडच्या गावात जाते. नाल्यांचे संगम आधी जुळवून पाहा.

एकट्या नकाशावर दावा ठरत नाही. एकाहून अधिक पुरावे लागतात. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, स्मशानभूमी, देवराई, जुन्या चराईच्या जागा यांचा पंचनामा जोडा. आणि जुने पत्रक मिळालेच नाही तरी दावा थांबवू नका, कारण अमुकच कागद आणा असा आग्रह उपविभागीय समितीला धरता येत नाही.