पार्श्वभूमी : मॉडेल बरोबर असते, तरी वापरात का येत नाही?

पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात ऑपरेशन्स रिसर्चचा (म्हणजे गणिती मॉडेलच्या आधारे कामकाजाचे निर्णय सुचवण्याचा) गट सांभाळणाऱ्या गटप्रमुखाला हा प्रश्न रोजचा आहे. गणित चोख असते, तरी शॉप फ्लोअर जुन्याच वेळापत्रकावर चालतो. दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकारी शेजारी बसून काम करत, तेव्हा ही अडचण फारशी बोचली नाही. विषय कारखान्यांत आणि विद्यापीठांत विभागला गेल्यावर ती उघडी पडली.

१९६५ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकातील लेखाने चार भूमिका मांडल्या: संशोधक आणि व्यवस्थापकाने आपापले काम करावे, संशोधकाने सोप्या भाषेत सांगावे, त्याने पटवून द्यावे, किंवा दोघांनी एकमेकांना समजून घ्यावे. यातली चौथी आजही कामाची आहे.

१९७० च्या दशकात मात्र प्रश्नावल्यांचा जोर वाढला आणि एक वादग्रस्त निर्णय रुळला: यश कशाने मोजायचे, तर बऱ्याचदा व्यवस्थापकाच्या मतावरून. कारण समजण्यासारखे होते. कंपन्या आतल्या नोंदी दाखवत नाहीत, मत मात्र लगेच मिळते. पण मॉडेलचे कौतुक करून ते कपाटात ठेवणाराही अशा मोजणीत यशात धरला जातो. वरिष्ठांचा पाठिंबा असला की प्रकल्प यशस्वी होतो, हा निष्कर्ष वारंवार निघाला. प्रकल्प चालताना दिसला म्हणून पाठिंबा मिळाला असेल का, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळूच शकत नाही. शिवाय तो पाठिंबा गटप्रमुखाच्या हातात नसतो. त्याला हवे असते ते वेगळेच: आकडे कोण भरणार, मशीन बंद पडल्यावर योजना कोण बदलणार, विश्लेषकाची बदली झाल्यावर मॉडेल कोण सांभाळणार. जुनी सवय सैल करणे, बदल करणे, तो रुजवणे अशा टप्प्यांचा माग घेणारे थोडे अभ्यास याच्या जवळ गेले, आणि माझ्या मते खरे मोल त्यांचेच.

पुढे ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी संगणकप्रणाली) आले आणि हा विषय बराचसा माहिती-प्रणालीच्या अभ्यासकांकडे गेला. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात, हे सांगणाऱ्या १९८९ च्या एका गाजलेल्या मॉडेलने ‘उपयोगी वाटते का, सोपे वाटते का’ हे विचारले. पुन्हा वाटण्याचीच मोजणी. इकडे प्लॅनर आजही सिस्टिमची योजना एक्सेलमध्ये उतरवून हाताने दुरुस्त करतो. त्या दुरुस्त्या का होतात, हे शोधायला संशोधकाला कारखान्यात महिनोन्‌महिने बसावे लागते. पुण्यातल्या व्यवस्थापन संस्थांचे विद्यार्थी उन्हाळ्यात साधारण दोन महिने येतात, मॉडेल बांधून सादरीकरण करतात आणि परततात. ते पुढे वापरले गेले का, हे त्यांच्या अहवालात येत नाही.