एकामागोमाग एक: मैलाटाकीतल्या वायूची पार्श्वभूमी

9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात, शेणाची मळी साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला एकटा.

लंडनजवळच्या ईस्ट हॅममध्ये 1 जुलै 1895 रोजी असंच झालं होतं. मैलापाणी उपसण्याच्या केंद्रात एक कामगार खाली कोसळला, चार सोबती त्याच्यासाठी पाठोपाठ उतरले आणि पाचही दगावले. शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या तपासात कारण निघालं हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. त्याआधी दोन शतकं, 1700 साली, इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी शौचकूप उपसणाऱ्यांचे सुजलेले डोळे आणि त्यांच्या खिशात काळी पडलेली नाणी यांची नोंद करून ठेवली होती. म्हणजे धोका अज्ञात कधीच नव्हता.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून लोक नाकावर भरवसा ठेवतात आणि तिथंच घात होतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. प्रमाण याच्या कितीतरी पट वाढलं तर दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो, कारण पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. शिवाय गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो; झाकण उघडताना बरी वाटलेली हवा काम सुरू होताच पालटते. शेणाच्या खड्ड्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड प्राणवायूला जागाच ठेवत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल यातलं काहीही अडवत नाही.

आपल्याकडे माणसांकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा 1993 चा कायदा मुख्यतः कोरड्या संडासांपुरता होता. गटारं आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई 2013 च्या कायद्यानं बंदीखाली आली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सफाईत मेलेल्याच्या कुटुंबाला 10 लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढली हे योग्यच झालं, पण सफाईचं काम खासगी सोसायट्या ठेकेदारामार्फत करून घेतात तिथं उतरण्याआधी हवा तपासायला कोणी नसतं. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतल्या अशाच एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या पत्नींना प्रत्येकी 10 लाख मिळावेत, यासाठी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.