अप्रोच डिस्क : प्लॅस्टिक व वजन

अप्रोच डिस्क : डिस्क गोल्फ या (गोल्फसारख्याच, पण चेंडूऐवजी तबकडी टोपलीत टाकण्याच्या) खेळात टोपलीच्या जवळ पोहोचण्यासाठी फेकायची, बोथट काठाची प्लॅस्टिकची तबकडी. लांब पल्ल्याची ड्रायव्हर आणि टोपलीत टाकायची पटर या दोहोंच्या मधले हिचे स्थान. व्यास बहुधा २१ ते २२ सेंमी., काठाची रुंदी १ ते १.५ सेंमी. आणि वजन बहुतेक वेळा १६५ ते १७५ ग्रॅ. असते. साधारण ३० ते ९० मी. अंतर उरले की ही डिस्क हातात येते; १० मी.च्या आतली फेक नियमाने ‘पट’ (टोपलीत टाकण्याची फेक) ठरते. मराठीत हिला ‘थाळी’ म्हणण्याची अडचण अशी, की तो शब्द थाळीफेकीने आधीच अडवला आहे. व्यासापुरते पाहिले तर गल्लत होणे स्वाभाविक आहे : पुरुषांच्या थाळीचा व्यासही २२ सेंमी.च असतो, वजन मात्र २ किग्रॅ. [→ थाळीफेक]. ‘तबकडी’ अर्थाने जवळचा, पण खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘डिस्क’च आहे, येथेही तोच शब्द ठेवला आहे. पुढचे विवेचन खानदेशातील खेळाडू डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

उगम : या खेळाचा आरंभ कोठे झाला, याविषयी एकमत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ या गावी १९२६ च्या सुमारास शाळकरी मुले पत्र्याची झाकणे फेकून गोल्फसारखा खेळ खेळत, असे सांगितले जाते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील उद्यानांतून फ्रिस्बीने असेच खेळ स्वतंत्रपणे चालू झाल्याचे दाखले आहेत. भारतीय वाचकाला येथे चक्र आठवते, आणि हौशी लेखनात तसा संबंध जोडलेलाही आढळतो. परंतु कडेला धार असलेले मधोमध पोकळ शस्त्र आणि खालून वाटीसारखी खोलगट, काठाशी जड तबकडी यांचे उड्डाण एका जातीचे नाही. झाकणांच्या खेळाशी नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. तरी ठरावीक टोपली, मोजलेले मैदान आणि लिखित नियम या अर्थाने खेळाचे श्रेय एड हेड्रिक (१९२४–२००२) यांच्याकडेच जाते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायम स्वरूपाचे मैदान झाले. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना (पीडीजीए) स्थापन केली. साखळ्या लोंबणाऱ्या टोपलीचे एकस्व (पेटंट) त्यांना १९७७ मध्ये मिळाले.

डिस्कचा इतिहास खेळाहून जुना, आणि तो मुख्यतः प्लॅस्टिकचा इतिहास आहे. फ्रेड मॉरिसन यांनी १९४८ च्या सुमारास काढलेली पहिली प्लॅस्टिकची तबकडी ठिसूळ होती; आपटली की तडकत असे. १९५७ पासून व्हॅम-ओ कंपनीने विकलेली त्यांची सुधारित तबकडी पॉलिएथिलीनची होती, आणि ‘फ्रिस्बी’ हे नाव तिलाच चिकटले. पुढे याच कंपनीच्या तबकड्यांना ११९ जी, १४१ जी, १६५ जी अशी नावे होती : वजन हेच नाव. डिस्क म्हटले की आधी ग्रॅम विचारण्याची खेळाडूंची सवय बहुधा तेथूनच आली असावी.

‘अप्रोच’ हा वेगळा वर्ग मात्र १९८३ नंतरचा. त्या वर्षी इनोव्हा कंपनीचे डेव्ह ड्युनिपेस यांनी उतरत्या, निमुळत्या काठाची डिस्क आणली. ती जुन्या तबकड्यांच्या कितीतरी पुढे जाऊ लागली, तेव्हा लांब फेकण्याची आणि जवळून टाकायची डिस्क एकच राहिली नाही, व मधली जागा भरणे भाग पडले. नियमांत हा वर्ग नाही. उत्पादक आपापल्या याद्यांत ‘पटर व अप्रोच’ अशी जोडनोंद करतात, म्हणून एकच डिस्क कोणी पटर मानतो, कोणी मिडरेंज (मधल्या पल्ल्याची). डिस्क्राफ्टची ‘झोन’, इनोव्हाची ‘रायनो’, वेस्टसाइडची ‘हार्प’ आणि स्वीडनच्या कास्टाप्लास्टची ‘बर्ग’ ही परिचित उदाहरणे. वेग, तरंगणे, वळण व शेवटचा कल या क्रमाने दिल्या जाणाऱ्या चार अंकांत झोन ४-३-०-३ आहे, तर बर्ग १-१-०-२. दोन्ही उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत अखेरीस डावीकडे पडतात. बर्ग तर हवेत रेंगाळायचे नावच घेत नाही.

वजनाची मर्यादा : पीडीजीएच्या मानकांनुसार डिस्क भरीव, अचुंबकीय प्लॅस्टिकची हवी. व्यास २१ सेंमी.हून कमी चालत नाही, काठ २.६ सेंमी.हून रुंद नको; कडेची वक्रता-त्रिज्या किमान १.६ मिमी. हवी. वजन व्यासाच्या दर सेंमी.ला ८.३ ग्रॅ.पेक्षा जास्त असू नये आणि एकूण २०० ग्रॅ.च्या वर कोणत्याही स्थितीत जाऊ नये. यावरून २१.० सेंमी.ला १७४.३ ग्रॅ., २१.२ सेंमी.ला १७५.९६ ग्रॅ. आणि २१.७ सेंमी.ला १८०.११ ग्रॅ. ही कमाल निघते. बाजारात ‘१७५’ हा आकडा वारंवार दिसतो त्याचे मूळ या गुणाकारात आहे. त्यात उड्डाणशास्त्राचे काही गूढ नाही. अल्टिमेट या सांघिक फ्रिस्बी-खेळाची डिस्कही १७५ ग्रॅ.चीच असते, पण तिचा व्यास २७ सेंमी.च्या वर असल्याने दर सेंमी.ला जेमतेम ६.४ ग्रॅ. पडतात. दोन्हींचा आकडा एक म्हणून हाताची सवयही एकच राहील, ही समजूत फसवी आहे.

प्लॅस्टिक : उत्पादक मिश्रणाची कृती उघड करीत नाहीत. ढोबळ मानाने दोन कुळे मानतात. एक ‘बेस’ : स्वस्त, किंचित खडबडीत, हाताला चिकटून बसणारे, पण झाडावर दोन-चारदा आदळले की काठ चेपणारे (इनोव्हाचे डीएक्स, डिस्क्राफ्टचे प्रो-डी). दुसरे ‘प्रीमियम’ : बहुतांशी थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे टीपीयू, टिकाऊ व महाग (इनोव्हाचे चॅम्पियन व स्टार, डिस्क्राफ्टचे झेड व ईएसपी). बेस म्हणजे नुसते पॉलिएथिलीन, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते तंतोतंत खरे नसावे, हे साध्या हिशेबाने दिसते. टीपीयूची घनता सुमारे १.१५ धरली, तर १७५ ग्रॅ.च्या डिस्कचे घनफळ १५२ घ. सेंमी. येते. त्याच साच्यात ०.९२ घनतेचे निव्वळ पॉलिएथिलीन भरले, तर डिस्क १४० ग्रॅ.चीच भरेल. बेस प्लॅस्टिकमध्येही १७५ ग्रॅ.च्या डिस्क मिळतात, अर्थात त्यात काही जड घटक मिसळलेला असतो. याच हिशेबाने १५० ग्रॅ.च्या खालची डिस्क पाण्यावर तरंगते आणि प्रीमियमची पूर्ण वजनाची डिस्क बुडते. गिरणा नदीच्या डोहाकाठी खेळणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

म्हणजे साचा एकच असताना वजन बदलायचे तर द्रव्याची घनताच बदलावी लागते, किंवा प्लॅस्टिकमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडावे लागतात. त्यामुळे ‘तीच डिस्क, फक्त हलकी’ असे काही नसते. घनता बदलली की निवताना होणारे आकुंचन बदलते, आकुंचन बदलले की माथ्याचा फुगवटा आणि काठाच्या जोडरेषेची (साच्याचे दोन भाग मिळतात त्या रेषेची) उंची बदलते. जोडरेषा वर असेल तर डिस्क वाऱ्यापुढे वळत नाही, खाली असेल तर सहज उलटते. एकाच नावाची चॅम्पियन प्लॅस्टिकमधील डिस्क डीएक्समधल्या डिस्कपेक्षा अधिक हट्टी उडते, असे खेळाडू सांगतात, त्याचे कारण बहुधा येथे आहे. वजन मोठे की प्लॅस्टिक, हा वाद म्हणूनच पुरतेपणी सोडवता येत नाही. तरी अप्रोच डिस्कपुरते प्लॅस्टिकला झुकते माप द्यावे असे वाटते : तिच्या कामात अंतरापेक्षा हातातून सुटणे आणि जमिनीवर थांबणे यांना महत्त्व असते, आणि ही दोन्ही पृष्ठभागाची व कडकपणाची कामे आहेत.

टीपीयू हवेतील ओलावा शोषते. दाणा (साच्यात वितळवायच्या कच्च्या प्लॅस्टिकचे कण) नीट वाळवल्याशिवाय साच्यात घातला तर मालात बुडबुडे व रेषा उमटतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ‘दाणा’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तेथील चटई पॉलिप्रोपिलीनची, नळ पीव्हीसीचे आणि ठिबकच्या नळ्या पॉलिएथिलीनच्या. ठिबकची नळी वर्षानुवर्षे उन्हात पडून टिकते ती तिच्यातल्या सुमारे २ ते २.५ टक्के काजळीमुळे. पिवळ्या-गुलाबी डिस्कना हे कवच नसते, म्हणून त्या सावलीत ठेवणे बरे.

खानदेशातील हवा व वजन : डिस्कचा मार्ग हवेची घनता आणि डिस्कचे वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. उत्थापन (वर उचलणारे) व कर्षण (मागे ओढणारे) ही दोन्ही बले घनतेच्या प्रमाणात असतात. २००२ मध्ये पॉट्स व क्राउदर या संशोधकांनी मँचेस्टर येथे वातबोगद्यात केलेल्या मापनांत फिरकीचा या दोन बलांवर फारसा परिणाम आढळला नव्हता. फिरकी डिस्कला स्थैर्य देते. हवेच्या आघूर्णामुळे (फिरवू पाहणाऱ्या जोरामुळे) डिस्क एका बाजूस कलते ती परांचन गती होय. तीही वस्तुमान वाढले की त्याच प्रमाणात मंदावते. म्हणून आकार तोच ठेवून १७५ ऐवजी १५० ग्रॅ. घेतले, तर त्याच वेगाला हवेचा परिणाम सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो.

आता घनतेकडे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मी. उंचीवर आहे. जानेवारीच्या पहाटे १२° से. तापमानाला तेथील हवेची घनता दर घ. मी.ला १.२ किग्रॅ.च्या आसपास असते. आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) दुपारी, पारा ४५° से.ला टेकला की ती सुमारे दहा टक्क्यांनी उतरते (केल्व्हिनमध्ये २८५ भागिले ३१८, म्हणजे ०.९०). परिणामी मे महिन्यात १७५ ग्रॅ.ची डिस्क जानेवारीतल्या १९५ ग्रॅ.च्या डिस्कप्रमाणे वागते, म्हणजे २१ सेंमी. व्यासाला नियमात कधीच न बसणाऱ्या डिस्कप्रमाणे : कमी तरंगते आणि कमी वळते. उलट मे महिन्यात १५७ ग्रॅ. घेतले, तर जानेवारीतल्या १७५ ची चाल परत मिळते. तोरणमाळच्या पठारावर (सुमारे १,१५० मी.) उंचीमुळेच एवढी घट होते. अन्य प्रदेशांत लिहिलेल्या मार्गदर्शनात १७५ ची सरसकट शिफारस असते. तापीच्या खोऱ्यातल्या उन्हाळ्यात ती तशीच उचलण्याचे कारण नाही.

वाऱ्याचा प्रश्न निराळा. पावसाच्या तोंडावर पश्चिमेकडून वारे सुटतात. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. अशा वेळी हलकी डिस्क समोरून आलेल्या झोताने उलटते आणि मग वजनाचा पक्ष खरा ठरतो. धुळे-साक्रीकडे १७० च्या वर आणि वारा पडलेला असताना यावल-रावेरच्या पट्ट्यात १६० च्या अलीकडे, असा ढोबळ भेद करता येईल.

उष्णता, धूळ, जमीन : तापमान वाढले की दोन्ही कुळे नरम पडतात. जी प्रीमियम डिस्क थंड प्रदेशात ‘मध्यम’ म्हणून विकली जाते ती येथे मे महिन्यात हातात लोळते, आणि मुळात नरम असलेली तर सुटताना दुमडते. म्हणून उन्हाळ्यासाठी कडक प्लॅस्टिक घ्यावे. त्याची खोड अशी, की तापून दगड झालेल्या काळ्या मातीवर ते घसरत टोपलीच्या पलीकडे निघून जाते; कमी तरंगणारी, उतरताना जवळजवळ उभी पडणारी डिस्क हा त्यावरचा उपाय. पारदर्शक, गुळगुळीत प्रीमियमवर धूळ व घाम एकत्र आले की पकड सुटते. खडबडीत बेस तेथे सरस ठरते, आणि तसेही डोक्याचा बागायतदार रुमाल हाताशी असतोच. बेसचा काठ मात्र बाभळीच्या खोडांनी आणि शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांच्या खुंटांनी लवकर खरचटतो. झिजलेली डिस्क अधिक वळू लागते. नियमांनुसार निघालेले कंगोरे घासून गुळगुळीत करता येतात, मात्र उड्डाण बदलेल असे काही चिकटवता येत नाही. बंद मोटारीच्या डिकीत उभी ठेवलेली डिस्क दुपारभरात वाकडी होते. सपाट ठेवली तर बहुधा निभावते.

डिस्कच्या तळाशी शाईने लिहिलेले वजन पूर्णांकात असते. ज्याला दोन डिस्क खरोखर ताडून पाहायच्या आहेत त्याने सराफाच्या काट्याची मदत घ्यावी. जळगावात ती अडचण नाही. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या दिवसांत हे सारे मोजमाप निरुपयोगी ठरते. भिजलेली काळी माती डिस्कच्या पोकळीत एका बाजूला लिंपून बसते, वजन वाढते ते वाढतेच, शिवाय तोल जातो. प्रत्येक फेकीआधी काडीने ती खरवडून काढावी लागते.