तापातलं मूल खेळत का नाही?

बडोद्यात पावसाळा लागला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी पोर तापानं फणफणलेलं असतंच. कालपर्यंत कमाटीबागेतल्या छोट्या गाडीत बसायचा हट्ट धरणारी चार वर्षांची मुलगी आज आईच्या मांडीवरून हलत नाही. नवं खेळणं पुढे केलं तर हातानं बाजूला सारते, उचलून नेलं तर भोकाड पसरते. घरची माणसं हैराण होतात.

या किरकिरीची सूत्रं मेंदूतून हलतात. जंतू शरीरात शिरले की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाचे रेणू सोडतात. त्यांचा निरोप रक्तातून आणि मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जातो. तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन वाढतं आणि हायपोथॅलॅमस हा मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग शरीराचं तापमान चढवतो. सायटोकाइनच्या याच निरोपामुळे भूक मरते, झापड येते, खेळण्यातलं मन उडतं. कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं की आजारी जनावराचं कोपऱ्यात पडून राहणं ही बरं होण्यासाठी शरीरानंच केलेली तजवीज आहे. ताप चढवणं खर्चिक असतं. तापमान १ अंश सेल्सिअसनं वाढलं की शरीराला साधारण १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा लागते. ती वाचवायची तर पळापळ थांबायलाच हवी.

म्हणून ताप चढलेला असताना मुलाला खेळायला उठवू नये. जवळ घ्यावं, पाणी पाजावं, झोपू द्यावं. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल दिलं की अर्ध्या-एक तासात ताप उतरू लागतो आणि मूल थोडा वेळ माणसात येतं. खेळवायचं ते तेव्हा, तेही बसल्या जागी.

अशा वेळी गोष्टीसारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला आधारही आहे. ब्राझीलमधल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या ८१ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना गोष्टी सांगितल्या, काहींना कोडी घातली. दोन्ही गटांत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक घटलं, ऑक्सिटोसिन वाढलं आणि वेदनाही कमी झाल्या. पण गोष्टी ऐकणाऱ्यांत हा फरक जास्त होता.

गोष्ट नवीच हवी असं मुळीच नाही. आमच्या शेजारच्या आजी नातवाला एकच गोष्ट सांगतात: विश्वामित्रीला पूर येतो, मगर वाड्याच्या पायरीवर येऊन बसते आणि गूळपोळी मागते. आजी मुद्दाम थांबतात. पांघरुणातून बारीक आवाज येतो, "तूप पण!" पुढे काय येणार हे ठाऊक असल्यानं थकलेल्या डोक्याला फार ताण पडत नाही. शिवाय पुनरावृत्ती वाया जात नाही. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ मध्ये दिसलं की वेगवेगळी पुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा तेच पुस्तक पुन्हापुन्हा ऐकणारी तीन वर्षांची मुलं नवे शब्द अधिक शिकतात.

औषधाला तोंड फिरवणाऱ्या मुलासाठी बाहुलीला आजारी पाडावं. तिचा ताप मूल बघेल, चमच्यानं तिला खोटंखोटं औषध पाजेल, "झालं हं, झालं" म्हणेल. जे आपल्यावर गुदरतं ते दुसऱ्यावर करून पाहिलं की भीती ओसरते. रुग्णालयांतही मुलांची भीती घालवायला असा खेळ वापरतात. खऱ्या औषधाच्या बाटल्या मात्र यात नकोत, आणि लहानग्यांच्या हाती मणी-बटणंही नकोत.

मोबाईलचं काय? भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाचपर्यंत दिवसाला फार तर एक तास, असं सांगते. आजारपणात आईही रात्रभर जागलेली असते. अर्धा तास शेजारी बसून एखादी संथ चित्रफीत दाखवली तर तिनं अपराधी वाटून घेऊ नये. झोपेच्या वेळी मात्र मोबाईल दूरच ठेवावा.

खेळण्यावरून आजाराचा अंदाजही येतो. ताप उतरल्यावर मूल हसतंय, मगरीला तूप वाढतंय, तर सहसा धीर धरायला हरकत नसते. पण ताप उतरूनही ते मलूल राहिलं, पाणी पिईना, लघवी कमी झाली, श्वास भराभर चालू लागला किंवा उठवूनही नीट जागं होईना, तर गोष्ट तिथेच थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर यातलं एकही लक्षण दिसण्याची वाट पाहू नये.